दुपारी एक ते पाच: गिरगावातल्या एका संगणकाचं प्रकरण

ताईंचा फोन घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आला. "अरे, मशिन परत बसलं. आज तिसऱ्यांदा. आणि सोळा तारखेला पानं प्रेसला द्यायची आहेत."

गिरगावात एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांचं डीटीपीचं (संगणकावर पानं लावायचं) काम चालतं. वर्षभर लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, सोसायट्यांची स्मरणिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. त्या वर्षी दोन अंक हातात होते आणि दोन्हींची पानं एकाच संगणकावर लागत होती. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, एसएसडी, साधं ग्राफिक्स कार्ड असं चार वर्षांपूर्वी जुळवून घेतलेलं मशिन. मूळची रॅम (मशिनची तात्पुरती मेमरी) आठ जीबीची एकच स्टिक. जुलैमध्ये ताईंनी आणखी आठ जीबीची दुसऱ्या कंपनीची स्टिक घालून घेतली, कारण दीडशे पानांची फाइल उघडली की सगळं रेंगाळायचं. ही तारीख मला खूप उशिरा कळली. पहिल्याच फोनवर मी "गेल्या तीन-चार महिन्यांत नवीन काय बसवलं?" एवढं विचारायला हवं होतं.

मी पोचायच्या आधी मशिनवर तीन उपाय होऊन गेले होते. ओळखीच्या एका मुलाने फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं. आठवडाभर बरं चाललं. मग दुसऱ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला, ते चार दिवस टिकलं. तिसऱ्याने एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, त्याचे साडेतीन हजार गेले आणि पाचव्या दिवशी निळी स्क्रीन परत आली. प्रत्येक उपायाला थोडे दिवस यश मिळालं होतं, आणि अधूनमधून येणाऱ्या दोषात हीच मोठी पंचाईत असते. त्या काळात जो शेवटचा हात लावतो त्याला श्रेय जातं. तीनही वेळा थोडे दिवस बरं का वाटलं, याचं कारण वेगळंच निघालं. ते पुढे येईल.

आधी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं. 'कर्नल-पॉवर ४१' अशा नोंदींची रांग होती. ही नोंद बघून पुष्कळ जण थेट एसएमपीएस बदलतात. पण तिचा अर्थ एवढाच की मशिन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. का झालं ते ती सांगत नाही. उपयोगाची माहिती मिनीडंप फाइलींमध्ये (मशिन बसताना विंडोज लिहून ठेवतं त्या नोंदींमध्ये) होती. नव्या विंडोजवर अकरा डंप जमले होते आणि त्यांत सहा निरनिराळे स्टॉप कोड (बिघाडाची नावं) होते. मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर, वगैरे. दोषी म्हणून दाखवलेली नावंही दर वेळी निराळी: एकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एकदा अँटिव्हायरसचा, दोनदा फाइल सिस्टिमचा, एकदा थेट विंडोजचा गाभा.

ड्रायव्हर खराब असेल तर तो सहसा पुन्हा पुन्हा त्याच नावाने पकडला जातो. इथे दर वेळी नवा आरोपी होता. त्या सगळ्यांमध्ये समान गोष्ट एकच, की ते सगळे मेमरीत राहतात. रॅममधला एखादा बिट (एक ० किंवा १) उलटला तर त्या क्षणी तिथे ज्याचा मुक्काम असेल तो मरतो, आणि डंपमध्ये त्याचं नाव येतं. म्हणून कोडांची अशी खिचडी दिसली की माझा संशय रॅमवर जातो. संशयच, निकाल नव्हे. प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएमपीएस यांच्यामुळेही हेच चित्र दिसू शकतं.

रॅमवर संशय आल्यावर मी सर्वांत आधी मशिन बंद करतो आणि त्यावर पुढचं काम थांबवतो. ताईंना हे पटवायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, निदान सगळं पेनड्राइव्हवर कॉपी तरी करून घेऊ. पण कॉपी करताना प्रत्येक फाइल डिस्कवरून रॅममध्ये येते आणि रॅममधून दुसरीकडे जाते. मधली जागा खराब असेल तर बॅकअपमध्येच बिघडलेली प्रत जाते, आणि ती बिघडली आहे हे कोणी सांगत नाही. अशा मशिनवर डिस्क दुरुस्त करणारा चेकडिस्क चालवणं तर त्याहून धोक्याचं. तो चुकीचं वाचून बरोबर असलेल्या नोंदी 'दुरुस्त' करू शकतो. फॉरमॅट मारण्याबद्दलही माझं हेच मत आहे. खराब रॅमवर टाकलेलं विंडोज जन्मतःच बिघडलेलं असू शकतं. मी एसएसडी काढली, यूएसबीच्या डबीत घालून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि सगळा डेटा तिथून उतरवला.

मग बाकीचे संशयित पटापट तपासले. डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) चांगले होते. प्रोसेसरचं तापमान ठीक. नवा एसएमपीएस योग्य व्होल्टेज देत होता. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग टेस्टरने पाहिलं, जुन्या चाळीत ते पाहावंच लागतं. तिथे ते नीट होतं. दोन्ही स्टिक काढून त्यांचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. चौपाटी हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात तिथल्या खारट, दमट हवेने संपर्कांवर पातळ थर बसतो आणि नुसतं काढून पुन्हा घातल्यानेही मशिन सुधारतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. खोडरबरने घासायची आपल्याकडची जुनी पद्धत मी सोडली. रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो आणि मुलामा झिजतो.

बायोसमध्ये (मशिन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी चालू होतं. म्हणजे मेमरी ३२०० च्या वेगाने आणि १.३५ व्होल्टवर चालत होती. डीडीआर४ या प्रकारच्या रॅमचं मूळ प्रमाण १.२ व्होल्ट आहे. वरचा वेग हा उत्पादकाने दिलेला प्रोफाइल असतो, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक शेजारी असल्या की एकीचं वेळापत्रक दुसरीला झेपेलच असं नाही. एक्सएमपी बंद केलं. दोन्ही स्टिक २४०० वर आणि १.२ व्होल्टवर आल्या. आता इथे चुका झाल्या असत्या तर वेगाला दोष देता आला नसता.

मग मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेतलं. हे फुकट मिळतं, विंडोजच्या बाहेर स्वतः बूट होतं, आणि २०२२ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून नव्या यूईएफआय (बायोसची नवी जात) मशिनांवरही चालतं. विंडोजबरोबर येणारी मेमरी डायग्नोस्टिक चाचणी ताईंच्या भाच्याने आधीच चालवली होती आणि ती स्वच्छ आली होती. तिने दोष दाखवला तर तो मानावा, पण ती एकदा स्वच्छ आली म्हणून रॅम चांगली असं मी धरत नाही. रात्री दहाला मी कॅबिनेट टेबलाखालच्या लाकडी कप्प्यातून बाहेर ओढलं, बाजूचं पान काढून टेबलावर ठेवलं, वर पंखा चालू केला आणि चाचणी लावून घरी गेलो. सकाळी सातला ताईंनी फोटो पाठवला. सहा फेऱ्या, चुका शून्य.

मी जवळजवळ म्हणणार होतो की रॅम निर्दोष आहे, मदरबोर्ड बघू. मदरबोर्ड बदलायचा तर सहा-सात हजार आणि दोन दिवस गेले असते.

थांबवलं ते ताईंच्या वहीने. त्या कामाच्या जमाखर्चासाठी एक दोनशे पानी वही ठेवतात. मशिन बसलं की ते कामाच्या तासांतून वजा करायचं म्हणून प्रत्येक वेळी त्यात तारीख आणि वेळ लिहीत होत्या. मी वही मागितली ती सहजच. ऑगस्टमध्ये तीन नोंदी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चार, मग ऊन वाढत गेलं तशा नऊ. वेळा बघा: दुपारी १:२०, ३:४५, २:१०, ४:३०. एकूण सोळांपैकी पंधरा नोंदी दुपारी एक ते पाच यांमधल्या. सकाळी एकही नाही. रात्री अकरापर्यंत जागून काम केलेल्या दिवशीही रात्री एकही नाही.

खोलीची खिडकी पश्चिमेकडे आहे. एक वाजल्यापासून ऊन टेबलावर येतं. कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यात, मागून जेमतेम चार बोटं जागा. आणि मी चाचणी घेतली ती रात्री, कॅबिनेट उघडं टाकून, पंख्याखाली! ज्या परिस्थितीत दोष दिसतो तीच मी काढून टाकली होती. आधीच्या तिघांचंही तेच झालं होतं. प्रत्येकाने मशिन कप्प्यातून बाहेर काढलं, काम केलं, आणि ताईंनी थोडे दिवस ते बाहेरच राहू दिलं. मग झाडलोट करताना परत आत ढकललं. आठवडा, चार दिवस, पाच दिवस हे हिशेब तिथे जुळले.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला कॅबिनेट बंद करून, कप्प्यात सरकवून चाचणी लावली. पहिली फेरी स्वच्छ. दोन वाजून दहा मिनिटांनी, दुसऱ्या फेरीत पहिली लाल ओळ आली. साडेतीनपर्यंत एकोणीस. चुकांचे मेमरीतले सगळे पत्ते एका लहानशा पट्ट्यातले, आणि प्रत्येक ओळीत बिघडलेला बिट एकच: चौसष्ट बिटांच्या गटात उजवीकडून अठरावा. ० लिहिलं होतं तिथे १ वाचलं जात होतं.

भाचा शेजारी उभा होता. त्याने अवकाशातून येणाऱ्या किरणांनी बिट उलटतात असं कुठेतरी वाचलं होतं. उलटतात, हे खरं आहे. पण असा किरण कुठेही पडेल. त्याच पत्त्यावर, त्याच बिटावर दुपारभर पडत राहणार नाही. २००९ मध्ये टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरांमधल्या मेमरीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशिनांमध्ये निदान एक तरी दुरुस्त होणारी चूक नोंदली गेली, आणि चुकांचं स्वरूप पाहता त्यामागे मुख्यतः हार्डवेअरमधलेच दोष असावेत असा त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या पडद्यावरचं चित्रही हेच सांगत होतं.

उष्णतेशी याचा संबंध कसा, हे ताईंना सांगताना मी गळक्या मडक्याचं उदाहरण दिलं, आणि ते फार लांबचं नाही. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग). आजची रॅमही त्याच तत्त्वावर चालते. कपॅसिटरमधला भार सतत झिरपत असतो, म्हणून प्रत्येक ओळ नेहमीच्या तापमानात ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. चांगल्या मडक्यात पुढची खेप येईपर्यंत पुरेसं पाणी उरतं. तापमान वाढलं की झिरपणं वाढतं, आणि ज्या मडक्याला आधीच बारीक चीर आहे ते खेप येण्याआधी रिकामं होतं. काही ओळींमध्ये भार असणं म्हणजे १, काहींमध्ये भार असणं म्हणजे ०, अशी रचना असते. म्हणून गळतीमुळे ० चा १ होणंही शक्य आहे.

ताईंनी लगेच विचारलं, "मग मशिन बाहेरच ठेवते आणि छोटा पंखा लावते. चालेल ना?" मशिन बाहेर ठेवा हे मी सांगितलंच, पण तो इलाज नव्हे. डीडीआर४ च्या चिप ८५ अंश सेल्सियसपर्यंत नेहमीच्या ६४ मिलिसेकंदांवर भार राखतील अशा गृहीत धरलेल्या असतात. बंद कप्प्यातली स्टिक हाताला गरम लागत होती, पण बोट सहज टेकवून ठेवता येत होतं. एवढ्या उष्णतेत जी चुकते ती स्टिक सदोषच.

आता कोणती स्टिक, की स्टिक नसून स्लॉट? चुकीच्या पत्त्यावरून हे सांगता येत नाही, कारण दोन स्टिक असल्या की पत्ते दोघींमध्ये वाटून दिले जातात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. त्याच दुपारी जुनी स्टिक एकटी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये: दोन फेऱ्या स्वच्छ. दुसऱ्या दिवशी दुपारी नवी स्टिक एकटी, त्याच स्लॉटमध्ये: पाऊण तासात चुका, बिट तोच अठरावा. नवी स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये: चुका, बिट तोच. शेवटी जुनी स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये: स्वच्छ. चूक स्टिकबरोबर फिरत होती, स्लॉटबरोबर नाही. मदरबोर्ड सुटला. ह्यातली कुठलीही पायरी गाळली असती तर निकाल अर्धवट राहिला असता. नवी स्टिक काढली आणि मशिन चालू झालं, एवढ्यावर थांबणारे असतात. पण मग दोष चौथ्या स्लॉटमध्येही असू शकला असता.

मला इथे थांबता आलं असतं. मशिन आठ जीबीवर चालू लागलं होतं, रेंगाळत का होईना. पण जुलैपासून तीन महिने या स्टिकमधून ताईंची पानं ये-जा करत होती, आणि निळी स्क्रीन हा नशिबाचा प्रकार होता. विंडोजच्या स्वतःच्या जागेत बिट उलटला तर मशिन बसतं आणि आपल्याला कळतं. तोच बिट एखाद्या लेखाच्या मजकुरात उलटला तर काहीच होत नाही. फाइल सेव्ह होते.

आधी झिप फाइली तपासल्या. झिपमध्ये प्रत्येक फाइलची सीआरसी बेरीज (पडताळणीचा आकडा) साठवलेली असते, त्यामुळे ती स्वतःच सांगते की मी शाबूत आहे की नाही. जुलैनंतर ताईंनी बनवलेल्या एकतीस झिपांपैकी दोन फुटलेल्या निघाल्या. एकीत लेखकांचे फोटो होते, ते मेलमधून परत मिळाले. दुसरीतल्या एका जाहिरातीची मूळ फाइल पुन्हा मागवावी लागली.

मजकुराला अशी बेरीज नसते. तिथे सर उपयोगी पडले. सर म्हणजे ताईंकडे प्रुफं वाचणारे निवृत्त मराठीचे शिक्षक. मी काय शोधतो आहे ते ऐकून त्यांनी खणातून दुसऱ्या प्रुफाचा गठ्ठा काढला आणि एका कथेतल्या ओळीवर बोट ठेवलं. 'त्या रात्री गोणी आलं नाही.' तिथे त्यांनी लाल शाईने 'कोणी' केलं होतं आणि समासात एक त्रासिक प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण पहिल्या प्रुफात तीच ओळ बरोबर होती. पहिलं प्रुफ काढून पाहिलं. 'कोणी.' लेखिकेची मेल उघडली. 'कोणी.' मजकूर मेलमधून जसाच्या तसा घेतलेला, आणि दोन प्रुफांच्या मधल्या काळात त्या परिच्छेदाला कोणीही हात लावला नव्हता.

युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) क चा क्रमांक ०९१५ आणि ग चा ०९१७, सोळाच्या पटीतल्या मोजणीत. शेवटचे पाच बिट लिहून बघा: क म्हणजे १०१०१, ग म्हणजे १०१११. फरक एकाच बिटाचा, उजवीकडून दुसऱ्या. तिथे ० चा १ झाला की क चा ग होतो. आणि मेमटेस्टने पकडलेला अठरावा बिट म्हणजे तिसऱ्या बाइटमधला (आठ बिटांचा एक बाइट) उजवीकडून दुसरा, तोही ० चा १ होणारा.

'गोणी' याच बिटामुळे आली हे मी सिद्ध करू शकत नाही. त्या क्षणी ती ओळ रॅममध्ये नेमकी कुठे होती याची नोंद कुठेही राहत नाही. पण सर खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "म्हणजे टायपिंगची चूक समजून मी किती ठिकाणी नुसती दुरुस्ती करून पुढे गेलो असेन?" त्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा आला. कारण देवनागरीत अशा जोड्या पुष्कळ आहेत. त आणि थ, द आणि ध, प आणि फ, ब आणि भ, ल आणि ळ या सगळ्या एका बिटाच्या अंतरावर आहेत. ल चा ळ झालेला शब्द बऱ्याचदा मराठीच असतो. स्पेलचेकर त्याला अडवत नाही. कवितेत तर तो खपूनही जाईल.

हे थांबवणारी मेमरी असते. ईसीसी रॅममध्ये जादा बिट ठेवून एका बिटाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते आणि दोन बिटांची निदान पकडली जाते. त्यामागचं गणित रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच मांडलं. सर्व्हरमध्ये ती सर्रास असते, आपल्या टेबलावरच्या मशिनांमध्ये क्वचित. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेला ती पुरत नाही. ज्यांच्या मशिनमधून दुसऱ्यांचे शब्द किंवा दुसऱ्यांचे पैसे जातात, त्यांनी पुढचं मशिन घेताना ईसीसी चालणारा बोर्ड मागावा, असं मला आता ठामपणे वाटतं.

ताईंनी जुलैनंतर लागलेलं प्रत्येक पान लेखकांच्या मूळ मेलशी पुन्हा ताडून घ्यायचं ठरवलं. सरांनी आणि त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने मिळून, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं अशा पद्धतीने, पाच दिवसांत दोनशे बारा पानं काढली. आणखी दोन जागा सापडल्या. एका पाककृतीत 'फोडणी'ची 'पोडणी' झाली होती. ही मात्र या बिटाची नव्हे: तिथे बिट वेगळा आणि दिशाही उलटी आहे, आणि ते टायपिंगच होतं. ती पाककृती हाताने टाइप केलेली होती. दुसरी एका संपादकीयात, 'काळाचा' ऐवजी 'गाळाचा'. संपादकांनी मेल केलेल्या मजकुरात 'काळाचा' होतं. आधी प्रुफात तो शब्द नजरेतून सुटला होता, कारण वाक्यात दोन्ही शब्दांना अर्थ लागत होता. पानं सोळाऐवजी अठरा तारखेला प्रेसला गेली.

नवी स्टिक वॉरंटीत होती. ताईंनी बिल वहीत डकवून ठेवलं होतं, आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो सोबत असल्यामुळे लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने फार प्रश्न विचारले नाहीत. बदली स्टिक तीन आठवड्यांनी आली. तोपर्यंत दोन्ही अंक छापून झाले होते. ती मी लगेच बसवू दिली नाही. एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, कॅबिनेट बंद करून मुद्दाम त्या जुन्या कप्प्यात सरकवलं, आणि लागोपाठ दोन दिवस दुपारी साडेबारा ते साडेपाच चाचणी चालवली. चुका शून्य. मग जुन्या स्टिकबरोबर चौथ्या स्लॉटमध्ये घालून तिसऱ्या दुपारी पुन्हा. शून्य. त्यानंतर कॅबिनेट कायमचं बाहेर, खिडकीपासून लांबच्या भिंतीला ठेवलं, आणि कप्प्यात आता प्रुफांचे गठ्ठे असतात.